आपसात मिटलं

महापालिकेची नोटीस गोठ्याच्या खांबाला चिकटवलेली होती आणि धाकट्या म्हशीनं ती निम्मी खाल्ली होती. उरलेल्या निम्म्यात 'सदरील जनावरांमुळे' आणि 'अन्यथा' एवढेच शब्द शिल्लक होते. ललितानं ते वाचले, कपाळाला हात लावला आणि म्हशीला म्हणाली, "आता बाकीची तूच सांग, काय लिवलंय ते."

धायरी गाव महापालिकेत जाऊन दोन महिने झाले होते. गोठ्याच्या तिन्ही बाजूंना अकरा-अकरा मजले उभे होते. तिथल्या लोकांना दूध ताजं हवं होतं, म्हशी नको होत्या. सकाळी किटली घेऊन गेलं की 'ताई, साय चांगली येते हो' म्हणायचे आणि संध्याकाळी वासाचा अर्ज करायचे. अर्ज करणारे देशपांडेकाका तर दोन लिटरचं गिऱ्हाईक होते.

पण नोटिशीचं नाना बघणार होते. गोठ्याची जागा थोरल्या दिराची, सर्जेरावांची. त्यांना सगळे नाना म्हणत. ग्रामपंचायत होती तोवर नाना दोनदा सरपंच. पंचायत गेली, खुर्ची गेली, बसायची ढब तेवढी राहिली. बांधाची भांडणं, विहिरीच्या पाळ्या, सोयरीक मोडलेली, सगळं नानांच्या ओसरीवर मिटायचं. दोघांना समोरासमोर बसवायचं, चुकलेल्यानं हात जोडायचे, दुसऱ्यानं चहा पाजायचा, कागदावर सह्या. मिटलं. ललिताचा नवरा सुखदेव तर जेवणात मीठ कमी असलं तरी नानांना विचारील, असा. वाटणीची जमीन बिल्डरला गेल्यापासून तो खराडीच्या एका कंपनीच्या फाटकावर उभा असायचा. आत जाणाऱ्या पोरापोरींच्या गळ्यातली कार्डं बघायची, हेच काम. दोन बस बदलून जायचा, दोन बदलून यायचा, आणि आल्यावर पायातले बूट काढायलाच त्याला अर्धा तास लागायचा.

त्या दिवशी नोटिशीपेक्षा ललिताला दुसरीच काळजी होती. अक्षता शेण काढत होती.

न सांगता. ही पोरगी कॉलेजला जाताना गोठ्याच्या वाऱ्यालासुद्धा थांबायची नाही. कपड्यांना वास लागतो म्हणून ओढणी पिशवीत घालून कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथं अंगावर घ्यायची. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती, घराण्यात एवढं शिकलेली पहिलीच. नऊ दिवस ती घरी होती. विचारलं की 'सबमिशन नाहीये आई', एवढंच. आणि आता खाली बसून, फावड्यानं नाही, हातानं शेण भरत होती.

 ललितानं कडब्याच्या पेंढ्या ओढल्या आणि म्हणाली, "चल, कुट्टी करू लाग."

कुट्टीचं यंत्र जुनं, हातानं चाक फिरवायचं. अक्षता चाकावर, ललिता कडबा सारणारी. पातं खडखडायला लागलं तशी पोरगी बोलायला लागली. इतक्या हळू की यंत्राच्या आवाजात निम्मं बुडावं. चाक थांबलं की बोलणंही थांबायचं. ते ललिताच्या ध्यानात आलं, मग तिनं चाक थांबू दिलं नाही. कडबा संपला तरी हिरवा घास सारत राहिली, चार दिवसांची वैरण एका दुपारी कापली.

प्रोजेक्टचे गाईड रणजित सर. सहानंतर लॅबमध्ये थांबवायचे. माउसवरच्या हातावर हात ठेवायचे. मग खुर्चीच्या पाठीमागं उभं राहायला लागले. गणपती उठल्यावरच्या आठवड्यात एकदा लॅबचं दार लावलं.

"ढकललं मी. पळाले. सॅक तिथंच राहिली," अक्षता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सॅक आणून दिली. म्हणाले, मॅडम फार विसरभोळ्या आहेत. सगळे हसले."

पातं खडखडत होतं.

"मी पण हसले, आई."

ललिताचा हात पात्याच्या फार जवळ गेला होता. तिनं तो मागं घेतला.  

"तेव्हापासनं मेसेज येतात. आता लिस्ट लावलीय, माझा प्रोजेक्ट नामंजूर. खाली लिहिलंय, गाईडना भेटा." अक्षतानं चाक सोडलं. "कॉलेजात कमिटी असते त्याच्यासाठी. जिन्यात बोर्ड आहे. लेखी द्यायचं, तीन महिन्यांच्या आत. चौदा डिसेंबरला संपतात."

"लेखी?" ललिता म्हणाली. "म्हंजी नाव कागदावर?"

"हो."

"आनि कागद फिरनार."

"गुप्त ठेवतात."

"सोसायटीनं आपल्यावर अर्ज केला तो बी गुप्तच व्हता. कुनी केला ते मला दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं, वर अर्धा लिटर दूध मागून घेतलं."

 ओंजळभर कुट्टी उचलून अक्षतानं म्हशीसमोर टाकली आणि आत गेली.

ललितानं संध्याकाळी सुखदेवला सांगितलं. सुखदेव एक बूट काढून बसला होता, दुसरा काढायचा राहूनच गेला. एक पाय बुटात, एक उघडा, तसाच उठून तो नानांकडं गेला.

आणि नानांनी मनावर घेतलं. एवढं की त्यांच्या तळमळीला खोटं म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन कॉलेजच्या फाटकावर गेले, रणजित सरला बाजूला घेतला, आणि रविवारी सकाळी तो धायरीत हजर. सोबत त्याचा सासरा. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, घामानं काखेत ओला. रस्त्यातनं येताना बुटाला शेण लागलं होतं आणि ते कुठं पुसावं ते त्याला कळत नव्हतं.

बैठक नानांच्या ओसरीवर. सुखदेव भिंतीला. ललिता दारात, डोक्यावर पदर. अक्षता ललिताच्या घरात, आतल्या खोलीत, भिंतीपलीकडं.

"बोल," नाना म्हणाले.

रणजित सर उठला, ललितासमोर आला आणि हात जोडले. "ताई, माझ्याकडून गैरसमज झाला असेल तर माफ करा. मुलीसारखी आहे ती मला."

"असेल तर नाय," नाना गरजले. "झाला म्हन."

"झाला."

"पुन्यांदा पोरीच्या वाऱ्याला उभं राहायचं न्हाय."

"नाही राहणार."

"पास करायचं."

"करतो."

"ललिता, चहा आन."

ललितानं चहा आणला. आलं घालून. का घातलं ते तिला नंतर कितीदा आठवूनही सांगता आलं नाही, हाताची सवय.  रणजित सरनं कप दोन्ही हातांनी धरला, प्रसादासारखा. मग नानांनी कागद लिहवून घेतला: 'गैरसमजातून झालेला सदर प्रकार आपसात मिटला असून आमची कोणतीही तक्रार नाही.' खाली सुखदेवची सही, ललिताची सही, नानांची पंच म्हणून. एक प्रत नानांकडं, एक रणजित सरच्या खिशात. जाताना नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भांडण मिटल्यावर मारतात तशी.

"पोलीस न्हाय, कोर्ट न्हाय, पोरीचं नाव न्हाय," नाना ललिताला म्हणाले. "एका कपात मिटवलं."

ललिता घरी आली तेव्हा अक्षता कॉटवर पाय खाली सोडून बसली होती.

"माफी कोणाची मागितली त्यांनी?"

"आपली."

"तुझी मागितली, आई. मी इथं होते. भिंत आहे फक्त मधे." ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "मला कोणी विचारलं पण नाही, मिटलं का म्हणून."

"अगं, नाना म्हनले..."

"नाना लॅबमध्ये नव्हते."

सोमवारी ती कॉलेजला गेली. ललिताला वाटलं, बघा, मिटलंच ना. तिनं डब्यात दोन जास्तीच्या पोळ्या दिल्या. दुपारी साडेबाराला पोरगी परत. चप्पल दारात, एक इकडं, एक तिकडं.

"काय गं?"

"प्रॅक्टिकल होतं. सगळा वर्ग होता." अक्षतानं माठातनं पाणी घेतलं, प्यायली नाही, तांब्या हातातच. "ते माझ्या मशीनपाशी येऊन थांबले. म्हणाले, तुमच्याकडचा चहा फार छान असतो हं. आल्याचा."

ललिता तिथंच, दारात बसली.   समोरच्या इमारतीतनं कोणीतरी सतरंजी झटकली, तिची धूळ अंगावर आली, तरी उठली नाही. तिच्या हातचा चहा त्यानं पोरीच्या तोंडावर मारला होता, आणि कप तिनंच भरून दिला होता.

"कागद काढ," ती शेवटी म्हणाली. "लिव."

"काय?"

"काय ते. तुझ्या कमिटीला. आज तारीख किती?"

"अकरा."

"मंग बसलीस का? लिव."

अक्षतानं तीन पानं लिहिली. तारखा, वेळा, मेसेज, लॅबमध्ये शेवटी कोण होतं त्याचं नाव. ललितानं ती वाचली. सातवीपर्यंतची शाळा, पुढचं वाचन पुडक्यांच्या कागदांवर झालेलं, तरी सगळं वाचलं, एका ओळीवर थांबून परत वाचलं. त्या ओळीतलं चाकाच्या आवाजात तिला ऐकूच आलं नव्हतं.

बोर्डावर लिहिलं होतं, सहा प्रती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. दुकानदारानं पानं घेतली, सवयीनं डोळा फिरवला, आणि डोळा अडकला. त्याचा हात मंदावला.

"मशीन बघा," ललिता म्हणाली.

"बघतोय की."

"तुम्ही कागद बघताय. कागद मशीनला वाचू द्या."

ती काउंटरच्या आत शिरली आणि यंत्राच्या आणि लोकांच्या मधे उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी पसरून, कोंबडी झाकतात तसा. अठरा पानं बाहेर पडेस्तोवर. मागनं एक पोरगा म्हणाला, "काय वास येतोय यार," दुसरा हसला. ललिताच्या नखांत शेण होतं. पदर धरलेला, हात लपवता येईनात.

ऑफिसमधला कारकून म्हणाला, "ठेवून जा."

"पोच द्या."

"काय?"

"पोच. शिक्का, तारीख, सही. आमच्यावर अर्ज करनारे सुद्धा पोच घेऊन जातात. आमी करतोय तर आमाला बी द्या."

त्यानं शिक्का मारला. इतक्या जोरात की टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला.

महिना गेला. रणजित सरचं उत्तर आलं, त्याची प्रत अक्षताला मिळाली. उत्तराला नानांच्या ओसरीवरचा कागद जोडलेला. अक्षतानं तो आईसमोर धरला. जबाबाला आईलाही बोलावलं होतं.

तक्रारीची बातमी नानांना दुसऱ्या बाजूनं कळली, रणजित सरच्या सासऱ्याकडनं. जबाबाच्या आदल्या दिवशी सकाळी ते गोठ्यात आले. ललिता धारेला बसलेली. नाना कधी गोठ्यात यायचे नाहीत, म्हैस बुजली.

"माझ्या शबुदावर आला व्हता तो मानूस," नाना म्हणाले. "तीस वर्सं मिटवत आलो. एक बी मोडलं न्हाय कुनी."

ललितानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि कासंडी पुन्हा गुडघ्यांत धरली.

"उद्या येवढंच सांगायचं, सही राजीखुशीनं केली, पोरीला इचारून केली. बाकी मी बघतो. नोटीस बी बघतो."

"आनि न्हाय सांगितलं तर?"

"तर नोटीस तू बघ. जागा माझी हाय, येवढं ध्यानात ठेव." ते वळले, परत थांबले. आवाज उतरला. "मी काय वाईट केलं गं पोरीचं? तूच सांग."

ललितानं पुन्हा सडांना हात घातला. म्हशीनं दूध चोरलं ते चोरलंच, त्या दिवशी कासंडी निम्मीच भरली.

कमिटीची खोली म्हणजे पुस्तकांच्या गोदामात लावलेली पाच खुर्च्यांची रांग. कॉलेजची चार माणसं, पाचवी बाहेरच्या एका संस्थेची बाई, आम्रपालीताई. पन्नाशीची, खादीचा कुर्ता, चष्मा दोरीला. मुख्य मॅडम चांगल्या होत्या, पण दमलेल्या, मागं परीक्षेचे गठ्ठे वाट बघत होते.

"हे तर आपसात मिटलेलं दिसतंय," मॅडम कागद उलटून म्हणाल्या. "आई-वडिलांच्या सह्या आहेत. मग पुढं चौकशी कशाची करायची, हा प्रश्न आहे."

अक्षता मांडीवरच्या हातांकडं बघत होती. ललिताला दिसलं, पोरीनं अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटात रोवलंय.

"ललिताताई," आम्रपालीताई म्हणाल्या, "ही सही तुमची?"

"व्हय."

"राजीखुशीनं केलीत?"

आता बोलायचं होतं. ललिताच्या डोळ्यांपुढं गोठा आला, पाच म्हशी, दावणी, पाण्याचा हौद. तिच्या लग्नानंतरची बावीस वर्षं त्या पत्र्याखाली गेली होती.

"राजीखुशीनंच," ती म्हणाली. अक्षताचं नख थांबलं. "मला बरंच वाटलं व्हतं तेव्हा. खोटं कशाला बोलू. मिटलं म्हनून बरं वाटलं. चहा मीच केला. आलं घालून. पन हिला न्हाय इचारलं. ही आत व्हती, भिंतीपल्याड. तिला बाहेर बोलवायचं आमच्यातल्या कुनाच्या मनात बी न्हाय आलं." तिला दम लागला. "माझं काय मिटवायचं व्हतं? माझ्याशी कुठं काय केलं त्यानं? मी दुसऱ्याच्या बांधावरचं मिटवून आले."

आम्रपालीताईंनी कोरा कागद काढला.

"लिहून द्याल?"

"अक्षर वाईट हाय."

"अक्षराची चौकशी नाहीये," आम्रपालीताई म्हणाल्या आणि कागद सरकवला. मग मुख्य मॅडमकडं वळल्या. "मुलगी सज्ञान आहे. तडजोड हवी असेल तर तिनं स्वतः मागायची असते, आणि इथं, समितीपुढं. ओसरीवर नाही. अक्षता, तू मागितलीस?"

"नाही."

"मागायची आहे?"

"नाही."

"मग चौकशी चालू. तोवर हिचं मूल्यमापन दुसरं कोणी करेल, ते सर हिच्या बॅचला येणार नाहीत, असं आजच लिहून प्राचार्यांकडं पाठवू या. मंजूर?" बाकीच्यांनी माना हलवल्या, शेवटची मान जरा उशिरा हलली. "बोलावंसं वाटलं तर गुरुवारी समुपदेशक येतात. पोलिसांचा रस्ता वेगळा आहे, तो आजही उघडा. जायचं असेल तर सोबत बाई देते. नसेल जायचं तर कोणी ओढत नेणार नाही."

"आत्ता नको," अक्षता म्हणाली. "मला आधी प्रोजेक्ट पूर्ण करायचाय."

"किती दिस लागतील चौकशीला?" ललितानं विचारलं.

"तीन महिने. आणि निकाल तुमच्या मनासारखाच लागेल, असं मी सांगणार नाही." आम्रपालीताईंनी चष्मा उतरवला. "आता तुम्ही बाहेर बसा. पुढचं ती एकटी सांगेल."

परतीच्या बसमध्ये दोघींना जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभ्या. स्वारगेटपासून धायरीपर्यंत अक्षता एवढंच म्हणाली, "अक्षर एवढं पण वाईट नाहीये तुझं."

घरी नाना नव्हते. जबाबाची बातमी रणजित सरच्या सासऱ्याकडनं आधीच पोचली होती, आणि नानांचा निरोप होता: आठ दिवसांत गोठा उचला. सुखदेवनं तो सांगितला. एवढ्या हळू, जणू त्यानंच गुन्हा केलाय. तीन म्हशी ललिताच्या भावाकडं डोणज्याला जायच्या होत्या, दोन विकायच्या. ते त्यानं ललिताला न विचारता, आणि नानांनाही न विचारता, दुपारीच फोन करून ठरवलं होतं. ललिता त्याच्याकडं बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसानं काही ठरवलेलं ती पहिल्यांदा बघत होती.

तो ड्युटीचा निळा शर्ट काढून बसला. दोन्ही बूट काढलेले. समोर अक्षताची वही.

"त्या कागदावर माझी बी सही हाय," तो अक्षताला म्हणाला, तिच्याकडं न बघता. "तुझ्या आईनं लिवून दिलं. मग माझं बी लागंल ना?"

"लागेल, पप्पा."

"कसं लिवायचं?"

"जे झालं ते."

तो लिहायला लागला. फाटकावरच्या रजिस्टरात लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. मधेच थांबला.

"चहा पिलो, ते बी लिवू?"

"लिहा."

त्यानं लिहिलं. पुन्हा थांबला. पेनाचं टोक कागदावर तसंच, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आनि तू आत हायेस, हे मला ठावं व्हतं," सुखदेव म्हणाला. "ते?"

अक्षतानं वही त्याच्या बाजूनं थोडी सरळ केली.

"ते पण," ती म्हणाली.